गुरुवारचं कपाट

आमच्या घरी मटकीची उसळ होत नाही. मुलाला वाटतं, आईला ती पचत नाही. यजमानांना वाटतं, माहेरी रोज खाऊन खाऊन हिला वीट आला असेल. दोघांचंही मी कधी खोडून काढलं नाही. गप्प बसण्याची सवय मला फार लवकर लागली आणि ती इतकी सोयीची निघाली, की पुढे ती सोडायची वेळ आली तेव्हा सोडवेना. आज मी स्वतः एका शाळेच्या ग्रंथालयात आहे, निवृत्तीला अजून अवकाश आहे, आणि मुलं मला लांबून हाका मारतात इतकं बरं चाललं आहे. पण या खुर्चीपर्यंत मी कशी आले हे कुणाला ठाऊक नाही. ते आता लिहून टाकते.

आकुर्डीत आम्ही दोन खोल्यांत राहायचो. वडील दुचाकींच्या मोठ्या कारखान्यात प्रेस शॉपला, म्हणजे पत्रा ठोकणाऱ्या मशीनवर होते. आठवड्याआड त्यांची रात्रपाळी असे, आणि त्या आठवड्यात घर दिवसभर मुकं होऊन जाई. आई पोळपाटाखाली जुन्या साडीची घडी घालायची, म्हणजे लाटताना तो वाजू नये. कुकरची शिट्टी काढून ठेवून भात ती पातेल्यात शिजवायची. दारावर भाजीवाली आली की आई धावत जाऊन तोंडावर बोट ठेवी, आणि ती बिचारी कुजबुजत मेथीचा भाव सांगे. खरं तर वडिलांना उजव्या कानानं जवळपास ऐकूच येत नव्हतं, मशीननं खाल्ला होता तो कान. आणि झोपायचे ते डाव्या कुशीवर, तोच बहिरा कान वर ठेवून. तरीही आम्ही बोलायचो ते खुणांनी. डोळे मोठे केले की नको, हनुवटी हलवली की हो. बारावी झाल्यावर माझ्या बरोबरीच्या मुली कंपनीच्या बसनं चाकणकडे पॅकिंगच्या कामाला जायला लागल्या. मीही जाते म्हणाले, तर वडील ताटावरून न उठताच म्हणाले, "लायनीवर उभं राहायला या घरात एक माणूस बास आहे. तू बसून करायचं काम शीक."

बसून करायचं काम म्हणून मी ग्रंथालयाच्या प्रमाणपत्र वर्गाला नाव घातलं. त्यात दोन महिने कुठल्या तरी ग्रंथालयात विनावेतन काम करावं लागे, आणि तिथून 'काम समाधानकारक' असा शेरा घेऊन यावं लागे. शेरा नाही तर प्रमाणपत्र नाही. मला मिळाली ती भोसरीच्या बाजूची एक प्राथमिक शाळा. तिचं नाव लिहीत नाही. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून लहान लहान वर्कशॉपची रांग होती आणि त्यातल्या एका प्रेसचा ठोका दिवसभर चालायचा. धप्प, मग दोन श्वास जागा, परत धप्प. त्या शाळेतली मुलं पाढेसुद्धा त्या ठोक्यावर म्हणत. वीज गेली आणि मशीन थांबलं, की सत्तावीसचा पाढा मध्येच अडखळायचा. मला ते ऐकताना घरच्यासारखं वाटे.

ग्रंथालय म्हणजे एक लोखंडी कपाट. मुख्याध्यापकांच्या खोलीत, हजेरीपटांच्या मांडणीशेजारी. एका कंपनीनं भेट दिलेली दोन-अडीचशे नवीकोरी पुस्तकं त्यात होती, जाड गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची. मुख्याध्यापक बाईंना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत. त्या किल्ली कमरेला लावून हिंडत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, "हे बघ, यातलं एक पान जरी दुमडलं ना, तर शेरा विसरायचा. आणि तुम्हा शिकाऊ मुलींना पुस्तक घरी न्यायची परवानगी नाही. मागच्या वर्षी एक होती, तिनं नेलं ते नेलंच." बाई वाईट नव्हत्या. वरून तपासणीला येणारा माणूस वर्गातली मुलं बघत नसे, कपाट उघडून पुस्तकं मोजत असे. त्यांचाही जीव त्या किल्लीत अडकलेला होता.

कपाट उघडायचं ते फक्त गुरुवारी. चौथीच्या मुलांनी नळावर हात धुवायचे, फ्रॉकला-चड्डीला पुसायचे आणि व्हरांड्यात रांगेत उभं राहायचं. मी म्हणायचे, "हात दाखवा." मग पोरं दोन्ही तळहात वर करून पुढे धरायची. मी एकेकाचे हात उलटसुलट बघायचे, नखं बघायचे, आणि पसंत पडले तर पुस्तक द्यायचे, शनिवारी परत आणायच्या बोलीवर. पुस्तकं बारा. मोठ्या बाई मोजून बाराच बाहेर काढू देत. वर्गात मुलं पन्नासच्या वर. तेराव्या मुलापासून पुढच्यांना हात पुसत माघारी जावं लागे. हे हात बघायचं काम मला तेव्हा आवडायचं, हेही सांगायलाच हवं. वीस वर्षांची मी, घरात कुणाला माझा आवाज ऐकू जात नव्हता, आणि इथे माझ्या एका शब्दावर पन्नास जोड हात वर होत होते.

गोदावरी ही चौथी ब मधली. परभणीकडची. बाप रोजंदारीवर लोखंड वाहायचा, आई दोन सोसायट्यांत धुणीभांडी करायची. अंगानं एवढीशी असल्यामुळे ती रांगेत कायम मागे ढकलली जाई. पहिल्या गुरुवारी ती पंधरावी होती. दुसऱ्या गुरुवारी तेरावी. बारावं पुस्तक तिच्या पुढच्या मुलाला गेलं तेव्हाही ती हात पुढे धरून तशीच उभी राहिली. म्हणाली, "ताई, बघा तरी. दोनदा धुतले."

मी बघितले. स्वच्छ होते, पाण्यानं बोटांची टोकं सुरकुतली होती. मला तिची दया आली. मी देवघेवीची वही उघडली, पुढच्या गुरुवारची तारीख घातली आणि तिच्यादेखत पहिल्या ओळीत पेन्सिलनं लिहिलं : गोदावरी, चौथी ब. पुस्तकाच्या नावाची जागा मोकळी सोडली. "हे बघ, पुढच्या वेळी तुझा पहिला नंबर. कोणतं पाहिजे ते तू निवडायचंस." ती त्या ओळीकडे इतका वेळ बघत राहिली, की मागच्या पोरांनी तिला ओढून नेलं.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही. गावाकडे आजा वारला, सगळी गेली, असं शाळेच्या शिपाई सखूमावशी म्हणाल्या. मावशी इथल्याच, शेजारच्या चिखली गावातल्या जुन्या घरातल्या. "आता कशाला येत्यात ती? असली लय येत्यात नि जात्यात. नाव तेवढं ऱ्हातंय पटावर." तिची ओळ तशीच मोकळी राहिली. मी त्याखाली पुढच्या मुलांची नावं लिहीत गेले.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी, कपाट उघडं असताना, मी त्यातलं एक पुस्तक उचललं. 'पाणघोड्याचा स्वेटर.' एका पाणघोड्याला थंडी वाजते, म्हणून जंगलातली सगळी जनावरं मिळून त्याच्यासाठी स्वेटर विणायला घेतात, एवढीच गोष्ट. पण आमच्या घरी अभ्यासाच्या पुस्तकांखेरीज छापील म्हणजे फक्त देवाच्या पोथ्या आणि वडिलांच्या युनियनची पत्रकं. रंगीत चित्रांची गोष्ट हातात धरून वाचण्याचं माझं वय कधी आलंच नव्हतं. शाळेत सगळ्यांसमोर ती वाचायची लाज वाटली. नोंद न करता पिशवीत घातली, बसमध्ये वाचली, घरी आल्यावर आईच्या शेजारी चुलीपाशी बसून, म्हणजे गॅसपाशी, परत वाचली. आई कणीक मळता मळता चित्रं बघत होती. वडील आत झोपलेले, आणि आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसत होतो, कारण शेळीनं विणलेली बाही पाणघोड्याच्या कानात अडकली होती. त्या घरात मी आवाज न करता इतकी कधीच हसले नव्हते.

सकाळी पुस्तक परत न्यायचं म्हणून पिशवीत ठेवलं, शेजारी डबा. "क्लिप ढिली आहे गं, फडक्यात बांध," आई म्हणालीही. मला बस गाठायची होती. भोसरीला उतरले तेव्हा पिशवीच्या तळाला हात लागला तो ओला. मटकीची उसळ, लसूण-खोबऱ्याच्या वाटणाची, वर कोल्हापुरी चटणीचा तवंग. पुस्तक अर्ध्याहून अधिक लाल झालं होतं. त्या दिवशी मी ते कपाटात ठेवलं नाही. घरी परत आणलं. आईनं पानापानात ज्वारीचं पीठ भुरभुरलं, वर्तमानपत्र घालून इस्त्री फिरवली, दोन दिवस तारेवर चिमट्यांना टांगलं. तेल उतरलं नाही, वास तर नाहीच. तिसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या.

आई म्हणाली, "सांगून टाक त्या बाईंना. डबा सांडला म्हणावं. फाशी देणारेत का? एकटीला भीती वाटत असेल तर मी येते बरोबर."

मी डोळे मोठे केले. नको.

भीती कसली होती, ते मी आज नीट सांगू शकते. फाशीची नव्हती. शेरा गेला असता, वर्गाचे सहा महिने गेले असते, आणि मी चाकणच्या बसमध्ये बसले असते, जशा गल्लीतल्या सगळ्याच बसत होत्या. त्यातल्या कुणाचं काही बिघडलं नाही. एकीनं तर पुढे माझ्याआधी घर बांधलं. पण मला तेव्हा वाटे, की वडिलांचा एक कान माझ्यासाठी गेला आहे आणि मी तो फुकट घालवणार.

शेवटच्या आठवड्यात मोठ्या बाईंनी सांगितलं, की शनिवारी पुस्तकांची पडताळणी करू आणि मग तुझा शेरा लिहून देते. मी देवघेवीची वही घेऊन बसले. पानं उलटताना ती ओळ समोर आली. गोदावरी, चौथी ब, पेन्सिलीतलं. पुढे मोकळी जागा. मागे धप्प, धप्प चाललं होतं. मी नावावरून शाईचं पेन फिरवलं आणि मोकळ्या जागेत लिहिलं : पाणघोड्याचा स्वेटर. परत आल्याच्या रकान्यात काही लिहिलं नाही. दोन मिनिटांचं काम. ती गावाला गेली, पटावर नुसतं नाव राहिलं आहे, त्याला काय लागतंय, असं मी मनाशी म्हणाले. पडताळणीत बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, "गेली का गिळून एक?" म्हणाल्या, आणि त्या ओळीसमोर 'विद्यार्थिनी गावी, पुस्तक येणे' असं लिहून सही केली. माझा शेरा सोमवारी मिळायचा होता.

सोमवारी शेऱ्यासाठी मी मोठ्या बाईंच्या खोलीत उभी होते आणि दारात गोदा आली. मागे तिची आई. बाहेर फाटकापाशी टेम्पो उभा होता, त्यात बिऱ्हाड : लोखंडी कॉट, पाण्याचं पिंप, वर गादीची वळकटी आणि तीवर बसलेला तिचा बाप. त्याला चाकणला नव्या कंपनीच्या बांधकामावर कायमचं काम मिळालं होतं, खोलीही. तिथल्या शाळेत घालायचं म्हणून शाळा सोडल्याचा दाखला पाहिजे होता. आता दाखल्यावाचून कुणाचा प्रवेश अडवत नाहीत. तेव्हा दाखला नाही तर पोर घरी बसे, आणि असल्या घरातली पोरगी एकदा घरी बसली की बसलीच.

मला बघून गोदा हसली. आणि सवयीनं दोन्ही तळहात पुढे केले.

बाईंनी वही काढली. "दाखला देते हो. पण हिनं नेलेलं पुस्तक आधी आणून द्या."

"कोन्तं पुस्तक?" आई गोंधळली. "न्हाई बाई, आमच्या घरी पुस्तकबिस्तक न्हाई. आताच समदं सामान काढलंय, एक काडी सुदीक ऱ्हायली न्हाई खोलीत."

"इथे लिहिलेलं आहे. नाव, वर्ग, सगळं. ही आमची शिकाऊ मुलगी समोर उभी आहे, हिनं दिलंय पुस्तक, हिला विचारा." बाईंनी माझ्याकडे मान वळवली.

मी हनुवटी हलवली. हो.

गोदाचे हात अजून पुढेच होते. ते तिनं हळूच खाली घेतले. "ताई, मी आलेच नव्हते ना त्या गुरवारी? आमी गावाला व्हतो."

तिची आई माझ्याकडे नाही, लेकीकडे बघत होती. "खरं सांग गं. शेजारच्या पोरीला दिलंस का? पानी सांडलंस का त्याच्यावर? मी मारनार न्हाई, खरं सांग." आणि असं म्हणता म्हणताच तिनं पाठीत एक धपाटा घातला. बाहेरून टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. "ओ ताई, आवरा ना राव! मला दुसरं भाडं हाय."

बाई म्हणाल्या, "मला दाखल्यात हजेरी भरायला लागेल. हजेरीपट दे गं चौथी ब चा." तो माझ्या हाताशीच मांडणीत होता. मी काढला, उघडला, आणि तो गुरुवार मला दिसला. गोदावरीच्या नावापुढे खाडा. त्याच्या आधी खाडा, पुढे सगळे खाडे, ओळ भरून. बाईंच्या टेबलावर वही उघडी होती, त्याच तारखेची. दोन्ही शेजारी ठेवले असते तर तिथेच सगळं संपलं असतं. बोलायचीही गरज नव्हती. मी पान उलटलं, चालू महिना काढला आणि तो त्यांच्यापुढे ठेवला.

मी पान उलटलेलं गोदानं पाहिलं की नाही, मला कधीच कळलं नाही.

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "हे बघा बाई, मलाही पोरीचं वर्ष घालवायचं नाही. पुस्तक नसेल तर हिनं लिहून द्यावं. माझ्या हातून हरवलं, चूक झाली. तेवढा कागद मी वहीला लावते आणि दाखला देते."

आईनं गोदाचा दंड धरला. "लिहून दे माय. टेम्पो थांबलाय."

"पर मी न्हाई नेलं."

"लिही म्हन्ते ना!"

गोदानं एकदा फाटकाकडे बघितलं, वळकटीवरच्या बापाकडे. मग जमिनीवर मांडी घातली. बाईंनी मला कागद दिला, "तू सांग तिला काय लिहायचं ते." आणि मी सांगितलं. मी तिच्याजवळ उकिडवी बसले आणि एकेक शब्द सांगत गेले, ती लिहीत गेली, तिचं अक्षर वळणदार होतं. 'माझ्या हातून शाळेचे' एवढं लिहून झालं. पुढे ती थांबली.

"ताई, पुस्तकाचं नाव काय लिहू?"

हे त्या खोलीत सगळ्यांनी ऐकलं. बाईंनी ऐकलं, सखूमावशी दारात केरसुणी घेऊन उभ्या होत्या, त्यांनी ऐकलं. ज्यानं पुस्तक नेलं त्याला नाव विचारावं लागत नाही. मावशींनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घालून केर काढायला लागल्या. बाई दाखला लिहीत होत्या. त्यांचं पेन क्षणभर थांबलं, मग पुढे गेलं.

"पाणघोड्याचा स्वेटर," मी म्हणाले.

"पानघोडा म्हंजे? पान्यातला घोडा व्हय?"

"लिही तू. पा-ण-घो-ड्या-चा."

तिनं लिहिलं. खाली सही म्हणून पूर्ण नाव घातलं. बाईंनी दाखल्यावर शिक्का मारला, फुंकर घालून शाई वाळवली आणि कागद आईच्या हातात दिला. त्यानंतर त्याच पेनानं माझ्या फॉर्मवर लिहिलं, 'काम समाधानकारक.' एकाच टेबलावर, एकामागोमाग. गोदाच्या आईनं बाईंना वाकून नमस्कार केला आणि मग, मी मागे सरायच्या आत, मलाही केला.

पुढची काही वर्षं मी चाकणच्या बाजूला जाणं टाळत असे. नंतर टाळणंही विसरले, नोकरी, लग्न, मूल, यांत विसरायला जागा पुष्कळ असते. माझ्या ग्रंथालयात कपाटाला कुलूप नाही, हात बघितले जात नाहीत, फाटलेलं पुस्तक कुणी आणून दिलं तर मी त्याला दुसरं देते. लोक म्हणतात, या बाईंचा स्वभाव फार मोकळा. मी ऐकून घेते. ते पुस्तक माझ्याकडेच आहे, माहेरून आणलेल्या ट्रंकेत, साडीच्या घडीत. वर्षातून एकदा ट्रंक उघडते तेव्हा अजून लसणाचा वास येतो, किंवा मला तसं वाटतं.

पण मला सगळ्यात जास्त शरम वाटते ती वहीतल्या ओळीची नाही. हजेरीपटाचीही नाही. दाखला घेऊन त्या दोघी निघाल्या तेव्हा मी व्हरांड्याच्या टोकापर्यंत त्यांच्यामागे गेले होते. का गेले, ठाऊक नाही. सांगायलाच गेले असेन. आई पुढे धावली, टेम्पोत पाय ठेवून वर चढायला लागली. गोदा मागे राहिली. माझ्यापाशी येऊन हळू आवाजात, जसं वर्गात शेजारणीला विचारावं तसं तिनं विचारलं,

"ताई, मंग त्याला बसला का तो सुटर?"

बसत नाही. मला पाठ होतं. स्वेटर लहान होतो, मग पाणघोडा तो नुसता डोक्यावर घेऊन पाण्यात उतरतो, आणि पुढच्या पानावर त्या स्वेटरच्या दोन्ही बाह्यांत पाखरांनी घरटी केलेली असतात. दोन वाक्यं होती. ती सांगायला मला तेव्हा काहीच किंमत पडली नसती, शेरा मिळालेला होता. पण ती सांगितली असती, तर पुस्तक कुणी वाचलं तेही सांगितल्यासारखं झालं असतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "मी नाही वाचलं ते."

टेम्पोवाल्यानं हॉर्न दाबून धरला. मागून प्रेसचा ठोका चालू होता. गोदानं मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, संशयही नव्हता. तिला माझं वाईट वाटलं होतं.

"तुमाला बी न्हाई भेटलं व्हय?" ती म्हणाली.

मी हनुवटी हलवली.